एकच सर्व्हर, दोन कामं: प्रोसेसची प्रायॉरिटी लावतानाचा अनुभव

लिनक्सवर एखाद्या कामाची, म्हणजे प्रोसेसची, प्रायॉरिटी कमी-जास्त कशी करायची, असं कोणालाही विचारलं की दोन शब्दांत उत्तर मिळतं: नाइस आणि रीनाइस. आमच्या ग्रंथालयात त्या दोन शब्दांपासून सुरुवात करून काम खरोखर सुरळीत व्हायला जून ते सप्टेंबर लागले. मध्ये काय काय केलं, किती खर्च आला, कोणाच्या सह्या लागल्या, ते सगळं लिहून ठेवते. ज्यांच्याकडे एकच मशीन आहे आणि कामं दोन आहेत, त्यांच्यासाठी हे आहे.

आमचं ग्रंथालय परभणी जिल्ह्यातल्या एका तालुक्याच्या गावी, ‘ब’ वर्गाचं. मी तिथे सहायक ग्रंथपाल आहे. पुस्तकांची देवघेव ‘कोहा’ या ग्रंथालयाच्या सॉफ्टवेअरवर चालते. कोहाचा सर्व्हर म्हणजे काउंटरमागे टेबलाखाली ठेवलेला साधा कॉम्प्युटर: आय-थ्री प्रोसेसर, दोन कोअर, चार थ्रेड, 4 जीबी रॅम, 1 टीबीची फिरती हार्ड डिस्क, त्यावर लिनक्सचं डेबियन 12. काउंटरवरचा आणि अभ्यासिकेतला असे दोन कॉम्प्युटर त्याला केबलने जोडलेले आहेत.

मे 2025च्या बैठकीत कार्यकारी मंडळाने ठरवलं की, यंदा 17 सप्टेंबरला, मराठवाडा मुक्तिसंग्राम दिनी, आपल्याकडच्या जुन्या साप्ताहिकांच्या फाइली वाचकांना शब्द टाकून शोधता येतील अशा करायच्या. 17 सप्टेंबर 1948ला हैदराबाद संस्थान भारतात विलीन झालं आणि 1 नोव्हेंबर 1956ला मराठवाड्याचे तेव्हाचे पाच जिल्हे द्वैभाषिक मुंबई राज्यात आले. मधल्या आठ वर्षांतल्या या फाइली. कागद इतका ठिसूळ झालाय की पान उलटताना कडेचा भुगा बोटाला लागतो. म्हणून ती पानं पुन्हा पुन्हा हाताळावी लागू नयेत, ही माझी मनापासूनची इच्छा होती. जूनच्या मध्यापर्यंत बरीच पानं 300 डीपीआयला स्कॅन झाली. आता त्यांतली अक्षरं ओळखून घ्यायची, म्हणजे ओसीआर करायचं. त्यासाठी टेसरॅक्ट आणि त्यावर चालणारं ‘ओसीआर माय पीडीएफ’ घेतलं. दोन्ही मोफत आहेत आणि मराठीचा डेटा वेगळा बसवून घेता येतो.

पहिला प्रश्न वेळेचा आला. असं जड काम रात्री लावून द्यावं हे सरळ आहे. पण आमच्याकडे ग्रंथालय बंद करताना मेन स्विच पाडायचा, असा मंडळाचा जुना नियम आहे. इमारत जुनी, वायरिंगही जुनं, त्यामुळे तो नियम मला योग्यच वाटतो. शिवाय रात्री लाइट गेली तर आमचा यूपीएस फार वेळ तग धरत नाही. म्हणजे ओसीआर दिवसाच चालवायचं, काउंटर चालू असताना.

सोमवारी, 16 जूनला काम लावलं आणि तासाभरात काउंटरवर रांग थांबली. बारकोडवर लाल रेघ पडायची, टुंग वाजायचं आणि मग पडद्यावर आठ-दहा सेकंद काहीच नाही. त्या दिवशी नेमकी शाळा सुरू झाल्यामुळे मुलांची गर्दी. एका मुलाने नाव येत नाही म्हणून तेच पुस्तक चार वेळा स्कॅन केलं. रोज दुपारी पेपर वाचायला येणारे एक आबा आहेत, ते म्हणाले, “काय करायलंय ओ मशीन? सकाळपासून थांबत थांबत चालायलंय.” मी ओसीआर बंद केलं आणि चालू कामांची यादी दाखवणारी ‘टॉप’ ही आज्ञा उघडून बसले.

(आज्ञा इथे देवनागरीत लिहिते आहे, टाइप करताना त्या रोमन लिपीतच कराव्या लागतात.)

टॉप नवीन असेल तर त्यातले दोन रकाने बघायचे: ‘पीआर’ आणि ‘एनआय’. एनआय म्हणजे नाइसचा आकडा. तो उणे 20पासून 19पर्यंत असतो आणि न सांगता सुरू केलेल्या कामाला 0 मिळतो. आकडा जितका मोठा तितकं ते काम मागे. हे उलटं वाटतं, पण एकदा डोक्यात बसलं की बसतं. साध्या प्रोसेसचा पीआर म्हणजे त्यात 20 मिळवलेले: नाइस 0 असेल तर 20, नाइस 19 असेल तर 39. आमच्या पडद्यावर टेसरॅक्टच्या चार ओळी होत्या, चौघींचा नाइस 0, आणि खाली कोहाचा डेटाबेस मारियाडीबी, त्याचाही 0. कर्नलच्या, म्हणजे लिनक्सच्या गाभ्याच्या, लेखी दोघं सारखेच. ‘ओसीआर माय पीडीएफ’ला काही सांगितलं नाही तर ते सगळे थ्रेड घेऊन टाकतं, हेही तेव्हा कळलं. ‘जॉब्स’ हा पर्याय देऊन ते दोनवर आणलं. प्रायॉरिटीला हात लावण्याआधी हे करून बघावं, त्याला कोणाची परवानगी लागत नाही.

मग नाइस. साध्या वापरकर्त्याला स्वतःच्या कामाचा आकडा वाढवता येतो, म्हणजे आपलं काम मागे ढकलता येतं. तो परत कमी करायचा झाला तर रूटचे, म्हणजे मशीनच्या मुख्य प्रशासकाचे, अधिकार लागतात. चालू असलेल्या कामाला रीनाइस लावायचं, नवीन काम सुरू करताना आज्ञेच्या आधी ‘नाइस -एन 19’ लिहायचं. आकडा न देता नुसतं नाइस लिहिलं तर 10 धरला जातो. ‘एचटॉप’ असेल तर ओळ निवडून एफ-8 दाबलं की आकडा वाढतो, एफ-7ने कमी होतो.

आकड्यामागचा हिशोब मला आवडला, म्हणून सांगते. लिनक्सच्या कर्नलमध्ये 2007पासून, म्हणजे 2.6.23 या आवृत्तीपासून, इंगो मोल्नार यांनी लिहिलेला सीएफएस हा शेड्युलर, म्हणजे कोणत्या कामाला किती वेळ द्यायचा ते ठरवणारा भाग, होता. 2023च्या 6.6पासून त्याची जागा ईईव्हीडीएफने घेतली. डेबियन 12चा मूळ कर्नल 6.1 आहे, म्हणजे आमच्याकडे जुनाच. नाइसची पट्टी दोन्हीकडे तीच आहे. प्रत्येक आकड्याला एक वजन ठरलेलं आहे: 0ला 1024, 10ला 110, 19ला 15. एक पायरी चढली-उतरली की वजनात साधारण सव्वापटीचा फरक. एकाच कोअरवर 0 आणि 19 अशी दोन कामं भांडली तर 19वाल्याच्या वाट्याला दीड टक्क्याच्या आसपास वेळ येतो. आणि दुसरं काम रिकामं असेल तेव्हा 19वाल्यालाही पूर्ण कोअर मिळतो. ही गोष्ट महत्त्वाची आहे. नाइसने काम अडत नाही, फक्त कोणी मागितलं तर जागा सोडतं.

हिशोबाप्रमाणे काउंटर मोकळं व्हायला हवं होतं. झालं नाही. टॉपमध्ये टेसरॅक्टपुढे ठळक 19 दिसत होता, तरी काउंटरवर पाच-सहा सेकंदांचा खोळंबा. जॉब्स दोनवर आणल्याने जो फरक पडला होता तेवढाच. जूनचा शेवटचा आठवडा यातच गेला. रोज सकाळी गर्दी व्हायच्या आधी काम लावायचं, दहा वाजता रांग लागली की बंद करायचं. पानं पुढे सरकत नव्हती आणि 17 सप्टेंबर पुढे दिसत होता. झोप नीट लागायची नाही.

उत्तर कर्नलच्या मॅन्युअलमध्ये मिळालं, ‘मॅन 7 शेड’ या पानावर. नाइसचा आकडा फक्त एका गटाच्या आत मोजला जातो. 2011च्या 2.6.38पासून कर्नलमध्ये ऑटोग्रुप नावाची सोय आहे: प्रत्येक सेशनचा, ढोबळमानाने प्रत्येक टर्मिनलचा, एक गट. त्याशिवाय सिस्टमडी, म्हणजे मशीनवरच्या सेवा सुरू-बंद करणारी यंत्रणा, स्वतःचे गट करते: सेवा, म्हणजे मागे आपोआप चालणारे प्रोग्रॅम, ‘सिस्टम स्लाइस’मध्ये, लॉगिन केलेल्या माणसांची कामं ‘यूजर स्लाइस’मध्ये. दोन्ही स्लाइसचं वजन मुळात सारखं, 100. जायकवाडीच्या डाव्या कालव्यावर ज्यांची शेती आहे त्यांना हे लगेच कळेल. पाणी आधी चाऱ्यांमध्ये वाटलं जातं, मग त्या चारीवरच्या शेतांमध्ये. तुम्ही आपल्या चारीवर कितीही शेवटचा नंबर लावून घ्या, शेजारच्या चारीला त्याने एक थेंब जास्त मिळत नाही. माझं ओसीआर माझ्या टर्मिनलच्या गटात एकटंच होतं. एकट्याचा नाइस 19 असला काय आणि 0 असला काय, गटाचा वाटा ठरलेला.

हे आपल्या मशीनवर तपासायचं असेल तर कामाचा पीआयडी, म्हणजे टॉपमध्ये दिसणारा त्याचा क्रमांक, घ्या आणि ‘प्रॉक’ फोल्डरमध्ये त्या आकड्याच्या फोल्डरमधली ‘सीग्रुप’ नावाची फाइल वाचा. एका ओळीत उत्तर येतं. माझ्या टेसरॅक्टच्या ओळीत यूजर स्लाइस होतं, मारियाडीबीच्या ओळीत सिस्टम स्लाइस. ती दोन नावं शेजारी शेजारी बघितल्यावर मला फार हायसं वाटलं. आता नेमकं काय मागायचं ते माहीत झालं होतं: ओसीआर हे सिस्टमडीची सेवा म्हणून चालवायचं, मारियाडीबीच्याच स्लाइसमध्ये, आणि तिथे त्याचं वजन कमी ठेवायचं.

पण सेवा बनवायला रूट लागतो आणि रूटचा पासवर्ड देखभाल करणाऱ्या कंत्राटदाराकडे. फोन केला तर सांगण्यात आलं की वार्षिक करारात बिघाड दुरुस्ती आहे, नवीन मांडणी नाही. त्यासाठी संस्थेचं पत्र, ठरावाची प्रत आणि भेटीचं शुल्क वेगळं. 4 जुलैला मी कार्यवाहांकडे अर्ज दिला. पहिला अर्ज परत आला, कारण त्यात “प्रोसेसची प्रायॉरिटी बदलण्यासाठी रूट अधिकार मिळावेत” एवढंच होतं आणि मंडळातल्या कोणाला त्याचा अर्थ लागत नव्हता. आमचे कार्यवाह वकील आहेत, सगळे त्यांना नाना म्हणतात. ते म्हणाले, “ताई, अधिकार कशाचा पाहिजे ते लिहा, कशाचा नको तेही लिहा. म्हणजे सही करायला बरं पडतं.”

नानांचं ते वाक्य तांत्रिक बाजूनेही अगदी बरोबर ठरलं. दुसऱ्या अर्जात असं लिहिलं: “देवघेवीच्या कामास अडथळा न येता जुन्या नियतकालिकांचे ओसीआर दिवसा चालविता यावे, यासाठी सर्व्हरवर एक सेवा तयार करून देण्यात यावी. सदर सेवा सुरू करणे, थांबविणे व तिची स्थिती पाहणे एवढीच परवानगी सहायक ग्रंथपालांस द्यावी. पूर्ण प्रशासकीय पासवर्डची मागणी नाही.” 20 जुलैच्या रविवारी मासिक बैठक झाली, ठराव झाला. प्रतीवर अध्यक्षांची सही व्हायला आणखी आठवडा, कारण ते पंढरपूरहून आल्यावर पुण्याला मुलाकडे थांबले होते. 2 ऑगस्टला परभणीहून तंत्रज्ञ आला. शुल्क 800 रुपये, व्हाउचरवर.

एक सूचना इथे करते. सुडोमध्ये, म्हणजे रूटचे ठरावीक अधिकार इतरांना देणाऱ्या सोयीत, ‘सिस्टमडी-रन’ची मोकळी परवानगी मागू नका आणि कोणाला देऊही नका, कारण त्या आज्ञेने रूट म्हणून काहीही चालवता येतं. म्हणजे नावाला एक आज्ञा, प्रत्यक्षात सगळ्या किल्ल्या. ठरलेल्या नावाच्या एका सेवेपुरतं ‘सिस्टमसीटीएल’ सुरू, बंद, स्थिती, एवढं पुरतं. आणि सुडोची फाइल ‘व्हिसुडो’नेच उघडायची. फाइल जतन करताना चूक सापडली तर ही आज्ञा सांगते, नाहीतर एका स्वल्पविरामाने सुडोच बंद पडू शकतं.

तंत्रज्ञ मुलगा विशीतला, समजून घेणारा होता. मी कागदावर लिहून ठेवलं होतं तेच त्याने सेवेच्या फाइलमध्ये टाकलं. ‘यूजर’पुढे माझं खातं, म्हणजे काम रूट म्हणून चालणार नाही. ‘नाइस’ 19. ‘सीपीयू वेट’ 10. हे 1पासून 10,000पर्यंत देता येतं आणि इतर सेवा 100वर असतात. ‘आयओ शेड्युलिंग क्लास’ आयडल, म्हणजे डिस्क इतर कोणाला नको असेल तेव्हाच ओसीआरला. चालू झाल्यावर त्याने ‘सिस्टमडी-सीजीटॉप’ उघडून दाखवलं. त्यात प्रोसेसच्या ओळी नसतात, गटांच्या असतात. ओसीआरची ओळ वर होती. त्याने काउंटरवरून सलग पुस्तकं स्कॅन करायला सांगितलं, तशी ती ओळ खाली गेली आणि मारियाडीबी वर आली. हात थांबवला की ओसीआर पुन्हा वर.

त्याने एक विचारलं: मारियाडीबीलाच उणे 10 देऊ का? मी नको म्हटलं. एक जड काम खाली बसवलं की बाकी सगळ्यांना आपोआप मोकळीक मिळते. याउलट एकाला वर चढवलं की उरलेले सगळे एकदम मागे पडतात आणि पुढची अडचण कुठून आली ते शोधत बसावं लागतं. ‘सीएचआरटी’ या आज्ञेने रिअल-टाइम वर्ग, म्हणजे साध्या कामांच्या आधीचा मान, देणं तर अशा सर्व्हरवर अजिबातच नको. त्या वर्गात 1 ते 99 अशा प्रायॉरिटी असतात आणि त्यातलं बेलगाम काम बाकी साऱ्यांची अडवणूक करू शकतं. आमच्या आवृत्तीचा कर्नल मूळ मांडणीत दर सेकंदाला 5 टक्के वेळ इतरांसाठी राखतो, पण तेवढ्यात देवघेव चालत नाही.

खोळंबा पाच-सहा सेकंदांवरून दोन-तीनवर आला. राहिलेला सीपीयूचा नव्हता. टॉपच्या वरच्या ओळीत ‘डब्ल्यूए’ हा आकडा बराच वर होता, म्हणजे प्रोसेसर डिस्कची वाट बघत होता. फिरत्या डिस्कवर मोठ्या स्कॅन फाइली वाचताना हे होणारच. डिस्कचा शेड्युलर कोणता आहे ते ‘सिस’ फोल्डरमध्ये डिस्कच्या नावाखाली ‘क्यू’मधल्या ‘शेड्युलर’ फाइलमध्ये दिसतं, चालू असलेल्याभोवती चौकोनी कंस असतो. आमच्याकडे एमक्यू-डेडलाइन होता, तो बदलून बीएफक्यू केला. आयडल वर्ग तो नीट पाळतो. तुमच्याकडे तिथे ‘नन’ असेल तर डिस्कच्या प्रायॉरिटीचा, म्हणजे आयोनाइसचा, काही उपयोग होणार नाही. हा बदल मशीन पुन्हा चालू केल्यावर टिकत नाही, त्यासाठी यूडेव्हचा, म्हणजे मशीन सुरू होताना डिस्कची मांडणी आपोआप लावणारा, नियम लिहून घ्यावा लागतो. तंत्रज्ञ समोर आहे तोवरच तो लिहून घ्या, नाहीतर दुसऱ्या भेटीचं शुल्क.

तरीही दुपारनंतर मशीन जड व्हायचं. ‘व्हीएमस्टॅट 2’ लावून बघितलं तर ‘एसआय’ आणि ‘एसओ’ या रकान्यांत सतत आकडे, म्हणजे रॅम कमी पडून स्वॅपमध्ये, डिस्कवरच्या पर्यायी जागेत, ये-जा. रॅमच नसेल तर प्रायॉरिटी कितीही लावा, ती रॅम वाढवत नाही. आमच्याकडे पंधराशेच्या वर खरेदी असली की तीन दरपत्रकं लागतात. ती गोळा करून, मंजुरी घेऊन, गणपतीच्या आधी 8 जीबीची रॅम 1,900 रुपयांना आली. डेडस्टॉक रजिस्टरला नोंद झाली. जुनी 4 जीबीची काढली नाही, रिकाम्या खाचेत नवी बसवली. दुसऱ्या दिवशी एसआय-एसओ शून्यावर, आणि बारकोडची टुंग वाजली की नाव समोर. आबांना मी काही सांगितलं नव्हतं. ते दुपारी येऊन पेपर घेऊन बसले आणि मशीनबद्दल काहीच बोलले नाहीत, त्यावरूनच कळलं.

ओसीआर पहिल्यापेक्षा हळू चाललं, ते चालणारच. गर्दीच्या वेळी जवळजवळ थांबायचं, दुपारी दीड ते चार भरभर पुढे जायचं. 17 सप्टेंबरला ध्वजवंदनानंतर अभ्यासिकेतला कॉम्प्युटर वाचकांसाठी खुला केला तेव्हा 1956च्या शेवटच्या काही महिन्यांची पानं राहिली होती, ती महिनाअखेरपर्यंत झाली. जुन्या छपाईमुळे जोडाक्षरं पुष्कळ ठिकाणी चुकतात. गावांची नावं मात्र बऱ्यापैकी सापडतात आणि लोक तीच आधी शोधतात. एक निवृत्त गुरुजी आपल्या गावाचं नाव टाकून तासभर बसले होते. त्या तासात काउंटरवर देवघेव चालू होती आणि मागे ओसीआरही.

शेजारच्या शाळेतल्या मॅडमनी विचारलं म्हणून विंडोजचंही सांगते. टास्क मॅनेजरमध्ये ‘डिटेल्स’ या भागात प्रोग्रॅमवर उजवं क्लिक करून ‘सेट प्रायॉरिटी’ मिळतं. जड कामाला ‘बिलो नॉर्मल’ किंवा ‘लो’ द्या, ‘रिअलटाइम’ला हात लावू नका. प्रोग्रॅम बंद करून उघडला की हे पुन्हा मूळ जागी येतं, तेव्हा दर वेळी लावावं लागतं.

डेबियनचे अपडेट झाल्यावर मी ‘सिस्टमसीटीएल शो’ने वजन अजून 10च आहे ना आणि डिस्कला बीएफक्यूच आहे ना, हे दोन्ही बघते आणि रजिस्टरमध्ये तारीख घालते. मंडळाने परवानगी 31 मार्चपर्यंतच दिली आहे. 1957पासूनच्या फाइली अजून स्कॅन व्हायच्या आहेत, त्यामुळे मुदतवाढीचा अर्ज फेब्रुवारीच्या बैठकीआधी नानांकडे द्यायचा आहे.